भोपाळचा वेढा आणि मराठी तोफखान्याची साठ वर्षे

१७३७ च्या डिसेंबरात निजामुल्मुल्क आसफजहा भोपाळच्या तटाआड अडकला. दिल्लीहून निघताना त्याच्याजवळ ३०,००० च्या आसपास फौज होती आणि वाटेत बुंदेले व राजपूत येऊन मिळाले होते. त्याचा खरा भरवसा मात्र बरोबर आणलेल्या भारी तोफखान्यावर होता. बाजीराव सुमारे ८०,००० फौजेनिशी नर्मदा उतरून आला आणि त्याने चहूकडून रसद तोडली. आज भोपाळच्या पूर्वेला बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा अशी ‘भेल’ची, म्हणजे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याची, मोठी वसाहत पसरली आहे, पण त्या काळचे भोपाळ म्हणजे दोस्त महंमद खानाने बांधलेला फतेहगड, त्याला लागून तटबंदीचे गाव आणि एका अंगाला विस्तीर्ण तलाव एवढेच होते. पाठीशी पाणी आणि तोंडाशी तोफा अशी जागा निजामाने धरली, आणि तोफांच्या त्या ओळीपुढे मराठी घोडदळ थबकले.

या वेढ्याची हकीकत बाजीरावाने चिमाजी अप्पाला पत्रांतून वेळोवेळी कळवली. धान्य रुपयाला शेर झाले. मोगलांनी तोफखान्याचे बैल कापून खाल्ले, आणि ते खाता येत नसल्याने राजपुतांवर निव्वळ उपासाची पाळी आली. बैल कापले जाणे ही तोफखान्याच्या इतिहासात फार मोठी गोष्ट आहे. तोफ ओढणारी जनावरे गेली की तोफ जिथे आहे तिथेच राहते, आणि तिच्या आडोशाला उभी असलेली फौजही तिथेच खिळते. निजामाला अखेर तटाबाहेर पडावे लागले. जड सामान मागे टाकून, तोफांच्या माऱ्याआडून, दिवसाला एखाद-दोन कोस अशा गतीने त्याची फौज सरकू लागली. मराठे दुरून बाण सोडत तिच्या भोवती फिरत राहिले.

तरीही तो तोफखाना मोडता आला नाही. निजाम तोफांनी मजबूत आहे, जागा अवघड आहे, हे बाजीरावाने स्वतःच भावाला लिहिले, आणि शत्रूचा पुरता निकाल न लावता तह पत्करला. ७ जानेवारी १७३८ रोजी भोपाळजवळ दुराई सराई येथे, म्हणजे आजच्या दोराह्याला, निजामाने माळवा आणि नर्मदा-चंबळेमधला मुलूख देण्याचे व बादशहाकडून ५० लाख रुपये मिळवून देण्याचे कबूल केले. राजकारणाच्या दृष्टीने हा बाजीरावाच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा विजय म्हणावा लागेल. शस्त्रांच्या दृष्टीने पाहिले तर घोडदळ तोफखान्याला उपाशी मारू शकते, पण त्याच्यावर चालून जाऊ शकत नाही, हे या वेढ्याने दाखवले. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत मराठी सैन्यात तोफांबाबत जे जे झाले, ते या उणिवेतून झाले, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी युद्धाच्या रेट्याखाली झाले.

तोफ मराठ्यांना परकी नव्हती. दख्खनमध्ये तोफा ओतण्याची विद्या सोळाव्या शतकातच शिखराला पोचली होती. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख-मैदान ही सुमारे ५५ टनांची तोफ १५४९ साली अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी याने ओतली. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. अशा तोफा किल्ल्यावर बसत आणि तिथून सहसा हलत नसत. १६६० साली सिद्दी जौहरच्या पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी येऊन गडावर गोळे टाकले, तेव्हा दुसऱ्याच्या तोफा आपल्यावर चालल्या की काय होते याचा अनुभव शिवाजी महाराजांनी घेतला होता. पुढे त्यांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून तोफा व शिसे विकत घेतले. पण स्वराज्याची लढण्याची पद्धत डोंगर, वेग आणि अचानक घाला यांवर उभी होती. तीत तोफेची जागा गडाच्या बुरुजावर होती. मैदानात ती पायातली बेडी ठरली असती.

मैदानात मराठ्यांचे दूरचे हत्यार होते ते बाण. इथे बाण म्हणजे धनुष्याचा तीर नव्हे. लोखंडी नळीत दारू ठासून ती लांब बांबूला बांधायची, बत्ती द्यायची आणि सोडून द्यायचे, असा हा अग्निबाण. त्याला गाडा लागत नाही, बैल लागत नाहीत, उंटावर त्याचे भारेच्या भारे नेता येतात. नेम मात्र धरता येत नाही. छावणीत पडलेला बाण जमिनीवरून फरफटत, सुरसुरत जातो, हत्ती-बैल बिथरतात, तंबू पेटतात. भोपाळहून सरकणाऱ्या निजामाला त्याने हैराण केले, पण तोफेचा गाडा काही मोडला नाही. याच अग्निबाणाला पुढे हैदर आणि टिपूने पक्क्या लोखंडी नळीची जोड देऊन दूरवर जाणारे केले आणि तिथून ती कल्पना इंग्लंडात काँग्रीव्हपर्यंत गेली. मराठ्यांनी ती वाट धरली नाही. ते तोफेच्या मागे लागले.

भोपाळच्या लढाईत चिमाजी अप्पा तापीकाठी वरणगावास होता. निजामाचा मुलगा नासिरजंग दख्खनमधून बापाच्या मदतीला जाऊ नये म्हणून त्याने ती वाट अडवली होती. त्या वरणगावात आज दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे, तो १९६४ साली, म्हणजे चीनशी झालेल्या युद्धानंतर उभा राहिला. भोपाळनंतर वर्षभरातच चिमाजी अप्पा वसईपुढे होता. पोर्तुगीजांचा तो कोट तिन्ही अंगांनी पाणी-दलदलीने वेढलेला, बुरुज जाड दगडी, आणि मराठ्यांच्या तोफा तो फोडायला अपुऱ्या. तेव्हा मराठ्यांनी जमिनीखालून रस्ता काढला. तटाच्या दिशेने खंदक खणत जायचे, बुरुजाच्या पायाखाली पोकळी करायची, तीत दारूची पिंपे रचून बत्ती द्यायची. गोळ्यांच्या माऱ्याखाली हे काम महिनोन्महिने चालले. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, काही अवेळी उडाले आणि उडालेले दगड आपल्याच माणसांवर कोसळले. तरी मे १७३९ मध्ये सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजाला भगदाड पडले, मराठे त्यावर चढले आणि वसई शरण आली. या मोहिमेत आपली ५,००० माणसे मेली वा जखमी झाली, असे चिमाजी अप्पाने लिहिले. सुरुंगाची विद्या मराठ्यांनी वसईला जवळजवळ कामावरच शिकली, आणि शिकण्याची किंमत माणसांनी मोजली.

तोफेपेक्षा भारी पडते ती तोफ चालवण्याची शिस्त, हे १७५१ साली बुसीने दाखवले. हा फ्रेंच सेनापती निजाम सलाबतजंगाच्या बाजूने अहमदनगरकडून पुण्याच्या रोखाने चालून आला. त्या वर्षाच्या अखेरीस कुकडी नदीच्या काठी, चंद्रग्रहणाच्या रात्री, त्याने पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. त्याच्या तोफा हलक्या होत्या, पायदळाबरोबर सरकत होत्या, आणि दोन बारांमधले अंतर फार थोडे होते. मराठ्यांच्या मोठ्या तोफेला एक बार झाला की नळी निववायला, पुसायला, ठासायला बराच वेळ लागे, आणि तेवढ्यात शत्रूचा घोडा येऊन भिडे. नानासाहेब पेशव्याने आणि सदाशिवरावभाऊने यातून घेतलेला धडा सरळ होता: बुसीच्या तालमीतला माणूसच आपल्याकडे आणायचा. इब्राहिमखान गारदी तो माणूस. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला त्याच्या तोफांनी निजामाला नमवले. भाऊची सगळी भिस्त त्यानंतर गारद्यांवर, म्हणजे इब्राहिमखानाच्या कवायती पायदळावर, राहिली.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर हे नवे अंग आणि जुने अंग एकाच फौजेत शेजारी शेजारी उभे होते. इब्राहिमखानाचे पायदळ व तोफा डाव्या अंगाला ठरवल्याप्रमाणे चालले, समोरच्या रोहिल्यांची त्यांनी मोठी हानी केली. पण त्या पद्धतीत घोडदळाने पायदळाच्या मागे थांबून राहायचे असते. मराठी घोडदळाला थांबण्याची सवय नव्हती. बखरकारांच्या सांगण्याप्रमाणे विंचूरकर व गायकवाड यांचे घोडे पुढे घुसले आणि गारद्यांच्या तोफांना आपल्याच माणसांमुळे बार बंद करावा लागला. अब्दालीजवळ मोठ्या तोफा कमी होत्या. त्याच्याकडे होते जंबुरे, म्हणजे उंटाच्या खोगिरावर बसवलेल्या लहान फिरत्या तोफा. उंट बसवायचा, बार करायचा, उठवायचा आणि पुढे न्यायचा. मराठ्यांच्या जड तोफांचे गोळे जवळ आलेल्या शत्रूच्या डोक्यावरून जात असताना हे जंबुरे हवे तिथे जाऊन पोचत होते. इब्राहिमखान जखमी होऊन सापडला आणि त्याला मारण्यात आले. पानिपतावर मराठी तोफखान्याचे नुसते सामान गेले नाही, तो चालवणारी जाणती माणसेही गेली.

थोरल्या माधवरावाच्या काळात हे सगळे पुन्हा उभारावे लागले. तोफखान्याची सरदारी पानसे घराण्याकडे होती. सासवडजवळच्या सोनोरीला पानश्यांचा तटबंद वाडा आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला मल्हारगड. १७५७ ते १७६० च्या दरम्यान पानश्यांनी बांधलेला हा मराठ्यांचा शेवटचा नवा डोंगरी किल्ला मानला जातो. माधवरावाने तोफांचे गोळे करण्याचे कारखाने काढले, एक १७६५-६६ मध्ये आंबेगव्हाणला आणि दुसरा १७६९-७० मध्ये पुण्याला. गोळा दिसतो साधा, पण त्याचे माप हेच तोफेचे अर्धे बळ असते. नळीपेक्षा गोळा फार लहान असला तर दारूचा जोर बाजूने निसटतो, गोळा नळीच्या अंगांवर आपटत बाहेर पडतो आणि नेम चुकतो. नळ्या आणि गोळे एका मापाचे करणे हे काम ओतकाम करणाऱ्या एकट्या कारागिराचे नव्हे. त्याला मापे ठरवणारे, ती पाळणारे आणि पुन्हा पुन्हा तपासणारे कार्यालय लागते. पुण्याच्या तोफखान्यात ती बाजू कायम दुबळी राहिली.

युरोपात याच सुमारास नळी करण्याची रीतच बदलली होती. पूर्वी मातीचा गाभा मधोमध उभा करून त्याच्याभोवती रस ओतत. रसाच्या भाराने गाभा किंचित जरी सरकला तरी नळी वाकडी पडे. स्वित्झर्लंडच्या मारित्झने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तोफ भरीव ओतायची आणि मग यंत्रावर आडवी धरून तिला भोक पाडायचे, अशी पद्धत काढली. नळी सरळ आली की गोळा नेमका बसतो, दारू कमी लागते, दारू कमी लागली की भिंत पातळ करता येते, आणि तोफ हलकी होते. १७६५ पासून फ्रान्समध्ये ग्रिबोव्हालने गाडे, चाके, गोळे सगळेच ठरावीक मापांत बसवले आणि तोफेचे तोंड वरखाली करायला पाचरीऐवजी मळसूत्राचा वापर रूढ होत गेला. तोफ ज्याला घोड्यांच्या किंवा बैलांच्या थोड्या जोड्यांवर पळवता येते, त्याचीच मैदानावर सरशी होणार, हे या सगळ्याचे सार होते.

ही विद्या मराठी फौजेत आणली महादजी शिंद्याने. पानिपतावर झालेल्या जखमेने तो जन्मभर लंगडत होता. तिथली वाताहत त्याने डोळ्यांनी पाहिली होती. १७८४ साली त्याने सॅव्हॉय प्रांतातल्या बेन्वा द बॉयनला चाकरीत घेतले. द बॉयनने कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना पुढे ‘कंपू’ म्हणू लागले. प्रत्येक पलटणीला तिच्या स्वतःच्या तोफा, त्यांचे गोलंदाज, बैल, सुतार, लोहार असा संच असे. तोफा आता सगळ्या फौजेच्या एका टोकाला ओळ करून ठेवलेल्या नसत, पायदळाच्या पावलाबरोबर चालत. १७८७ ला लालसोटला राठोडांचे घोडदळ या पलटणींवर तुटून पडले तेव्हा त्या चौकोन करून उभ्या राहिल्या आणि फुटल्या नाहीत. २० जून १७९० रोजी पाटणला आणि १० सप्टेंबरला मेडत्याला द बॉयनने राजपुतांचा पाडाव केला. मेडत्याला राठोडांचे हल्ले तोफांतून छर्रे झाडून परतवले गेले. भोपाळला मराठी स्वार ज्या जागी होते, त्या जागी मेडत्याला राठोड होते.

तोफा आणि बंदुका करण्याचे काम आग्र्याला जॉर्ज सँगस्टर या स्कॉटिश कारागिराकडे होते. युरोपी तोडीची बंदूक तिथे दहा रुपयांच्या आसपास तयार होई. तोफांचे ओतकाम मथुरा आणि उज्जैन इथेही चाले. एक पितळी तोफ ओतायची म्हणजे आधी लाकडी दांड्यावर दोरखंड आणि माती चढवून तोफेच्या आकाराचा नमुना करायचा, त्याच्यावर मेण-चरबीचा हात देऊन मातीचे थर लावायचे, लोखंडी पट्ट्यांनी ते आवळायचे, आतला नमुना काढून घ्यायचा आणि साचा भट्टीत भाजायचा. मग तो खड्ड्यात, बुडाची बाजू खाली ठेवून उभा पुरायचा. तांबे आणि कथील वितळले की भट्टीचे तोंड फोडून रस पाटातून साच्यात सोडायचा. वरच्या तोंडाला मुद्दाम जास्तीचा रस ठेवायचा, म्हणजे त्याच्या भाराने खालची धातू घट्ट बसते आणि बुडबुडे वर येतात. हा वरचा भाग नंतर कापून टाकतात. साच्यात ओल राहिली तर तो फुटतो, कथील जास्त झाले तर तोफ ठिसूळ होते, कमी झाले तर नळी लवकर झिजते. या प्रत्येक पायरीवर डोळा आणि हात लागतो, आणि हे डोळे नि हात मथुरा-उज्जैनच्या देशी ओतार्‍यांचे होते. आराखडा सांगणारा मात्र परका होता.

इथेच या इतिहासाचे मर्म आहे. कारागीर होते, तांबे मिळत होते, पैसा उभा राहत होता. पण आराखडे काढणे, मापे ठरवणे, लढाईत तोफा कुठे आणि केव्हा न्यायच्या हे ठरवणे, हे सगळे ज्ञान पगारी युरोपी अधिकाऱ्यांच्या डोक्यात राहिले. मराठी मुलांना ते शिकवणारी शाळा शिंद्यांनी काढली नाही, होळकरांनी नाही, पेशव्यांनीही नाही. या बाबतीत बरखेड्याच्या ‘भेल’चे उदाहरण उलट्या बाजूने बोलके आहे. १९५६ साली भोपाळला हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली तेव्हा यंत्रांची विद्या इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजकडून आली. त्याचबरोबर इथले तरुण शिकायला इंग्लंडला गेले आणि भोपाळला कामगारांची प्रशिक्षणशाळाही निघाली. काम शांततेचे होते आणि त्याला वेळ देता आला. शिंद्यांच्या कंपूला तसा वेळ कधी मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा तो आपापसांतल्या भांडणात गेला.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारला. द बॉयन १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून युरोपला परतला आणि कंपूची सूत्रे पेरॉन या फ्रेंच अधिकाऱ्याकडे गेली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकराचे कवायती पायदळ आणि शिंदे-पेशव्यांचे कवायती पायदळ समोरासमोर आले. दोन्ही बाजूंना युरोपी रीतीच्या पलटणी, दोन्ही बाजूंना नव्या तोफा, आणि दोन्ही बाजूंना मराठे. होळकराची सरशी झाली, पेशवा पळून वसईला गेला आणि इंग्रजांशी तह करून बसला.

वर्षभराने इंग्रजांशी युद्ध जुंपले. गव्हर्नर जनरलने शिंद्यांच्या चाकरीतल्या युरोपी अधिकाऱ्यांना चाकरी सोडल्यास पैसा देण्याचा जाहीरनामा काढला आणि अनेक जण निघून गेले. खुद्द पेरॉन सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पलटणी मागे राहिल्या, तोफा मागे राहिल्या, गोलंदाज मागे राहिले. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीने कैलना नदी उतरून शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला, तेव्हा त्या गोलंदाजांनी मारा केला तो इतका नेमका की त्याची ७४ वी पलटण जवळजवळ नामशेष झाली. इंग्रज फळी तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला. वेलस्लीचे सुमारे १,५८४ लोक मेले वा जखमी झाले. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. १ नोव्हेंबरला लासवारीला जनरल लेकने जिंकले, पण तिथेही शिंद्यांचे गोलंदाज संगिनीने भोसकले जाईपर्यंत आपापल्या तोफांपाशी उभे राहिले, आणि असा प्रसंग आपल्यावर कधी आला नव्हता असे लेकनेच लिहून ठेवले.

जिंकलेल्या तोफांची इंग्रजांनी तपासणी केली. टिपूच्या तोफा आपल्या कामाच्या नव्हत्या, या मात्र आपल्या सैन्यात तशाच वापरता येतील, असा वेलस्लीचा अभिप्राय होता. ११ सप्टेंबरला दिल्लीच्या लढाईत ६८ तोफा सापडल्या होत्या. त्यांतल्या पितळी तोफा हिंदुस्थानातच ओतलेल्या होत्या. मापे फ्रेंच, घडण कंपनीच्या तोफखान्याच्या तोडीची, तोंड उचलायला मळसूत्र बसवलेले, आणि काहींची नळी आतून लोखंडी तर वरचे ओतकाम पितळी. काहींवर मथुरेचे नाव कोरले होते, काहींवर उज्जैनचे. हे उज्जैन म्हणजे भोपाळच्या वेढ्यानंतर दुराई सराईच्या तहाने मराठ्यांना मिळालेल्या माळव्यातले शहर.

३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगावला दौलतराव शिंद्याने तहावर सही केली. गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली आणि आग्रा हातचे गेले, म्हणजे सँगस्टरचा कारखानाही गेला. त्याच तहात एक कलम असे होते की इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपी वा अमेरिकी देशाचा माणूस शिंद्याने इंग्रजांच्या संमतीवाचून चाकरीत ठेवू नये.